‘दाखला कशाला हवा?’

आपल्या धर्मग्रामांत दाखल्याचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शाळेत नाव घालावयाचे तर स्नानसंस्काराचा दाखला, लग्न ठरले की दृढीकरणाचा दाखला, भावाभावांत वाटणी निघाली की सातबाराचा उतारा. जन्मापासून कबरीपर्यंत कागद सांभाळून ठेवणारा आपला समाज एकाच कागदाच्या बाबतीत अचानक विरक्त होतो. एखाद्या आईवडिलांनी म्हटले की, आमच्या मुलाला ऑटिझम आहे, त्याचे तज्ज्ञांकडून रीतसर निदान करून घ्यावयाचे आहे, शासनाचे प्रमाणपत्र काढावयाचे आहे, की चहूकडून एकच प्रश्न येतो: दाखला कशाला हवा? नातेवाईक तो मायेपोटी विचारतात, डॉक्टर घाईत विचारतात, मुख्याध्यापिका सौजन्याने विचारतात आणि काही धर्मगुरू तो भक्तिभावाने विचारतात. विचारणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. परंतु या प्रश्नाने मुलांचे जे नुकसान होते त्याविषयीही आम्हांला शंका राहिलेली नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे, सरकारी कागदांतही तोच आहे, म्हणून आम्हीही तो वापरणार आहोत. पण तो आम्हांला मनापासून पटलेला नाही. मूळ नाव ग्रीक भाषेतील ‘स्व’ या अर्थाच्या शब्दावरून आले, आणि त्याचे मराठीकरण करताना आपण मुलाला एखाद्या ध्यानस्थ साधूच्या नाहीतर आपमतलबी माणसाच्या पंगतीला नेऊन बसवले. प्रत्यक्षात काय घडते? तीन वर्षांचा मुलगा नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, पण शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवतो. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही; आईचा हात धरतो आणि तो त्या वस्तूवर नेऊन ठेवतो. खेळण्यातली मोटार चालवीत नाही, ती उलटी करून तिची चाके तासभर फिरवीत बसतो. बोलू लागला तर आपण विचारलेला प्रश्नच आपल्याला परत ऐकवतो. हा मुलगा स्वतःत बुडालेला नसतो. बाहेरचे जग त्याच्यावर इतक्या जोराने आणि इतक्या विस्कळीतपणे आदळत असते की त्याची संगती लावता लावता तो दमून जातो.

अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली अशा अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी तशाच काही मुलांविषयी लिहिले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. पाच हजार वस्तीच्या धर्मग्रामाला हे प्रमाण लावले तर चाळीसच्या आसपास माणसे होतात. रविवारच्या मिस्साला त्यांतली किती दिसतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

ती दिसत नाहीत, कारण त्यांच्या आया त्यांना घेऊन येण्याचे टाळतात. आणि त्या टाळतात, कारण मुलगा मिस्सात ओरडला की सगळ्यांच्या नजरा मुलाकडे वळत नाहीत, आईकडे वळतात. आईला दोष देण्याची ही रीत आपण वसईत शोधून काढलेली नाही. तिला मोठा विद्वान इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास, आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे भल्याभल्या तज्ज्ञांनी सांगितले. अशा आईला ‘रेफ्रिजरेटर मदर’ असे नावही मिळाले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली एक जाडजूड पुस्तक लिहून हा आरोप घरोघर पोहोचविला. त्याला उत्तर तीन वर्षे आधीच देऊन झाले होते: बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या पुस्तकात हा दोष मेंदूच्या घडणीचा आहे, आईच्या मायेचा नव्हे, असे पुराव्यानिशी मांडले होते. रिमलंड स्वतः अशा मुलाचे वडील होते. पुढे १९७७ साली सूझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या आणि अनुवंशाचा वाटा मोठा असल्याचे दाखवून दिले. तज्ज्ञांच्या जगातून त्या आरोपाची हकालपट्टी झाली. आपल्या ओटीवर मात्र तो नवे कपडे घालून बसला आहे: ती सकाळच्या लोकलने मुंबईला नोकरीला जाते ना, मग मूल कसे बोलणार, तिने मोबाइल हाती दिला, म्हणून असे झाले. तासन्‌तास पडद्यासमोर बसणे कोणत्याच मुलाला हितकारक नाही, हे मान्य. पण मोबाइलमुळे ऑटिझम झाला, हे म्हणजे छत्री उघडल्यामुळे पाऊस आला म्हणण्यासारखे आहे. जो मुलगा माणसांच्या गोंधळाने भांबावतो तो एकसारख्या चालणाऱ्या चित्राकडे वळतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, एवढे तरी पाहावयास हवे.

आपण ख्रिस्ती असल्यामुळे या आरोपाला आणखी एक पदर आहे. प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी, ‘अ’ वर्षाच्या वाचनांत, योहानलिखित शुभवर्तमानाचा नववा अध्याय आपण ऐकतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. हा भाग प्रवचनांतून अनेकदा येतो. पण त्याच अध्यायाचा पुढचा भाग सहसा कोणी उलगडून सांगत नाही. दृष्टी आलेल्या त्या माणसाच्या आईवडिलांना परूशी बोलावून घेतात आणि त्यांची उलटतपासणी करतात: हा तुमचाच मुलगा का, हा जन्मतःच आंधळा होता का, मग आता याला कसे दिसते? आणि ते दोघे घाबरून मोजकेच बोलतात, कारण सभास्थानातून बाहेर काढले जाण्याचे भय त्यांना असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चौकशीतले आईवडील आम्हांला फार ओळखीचे वाटतात. प्रार्थनासभेत, ‘घराण्यात काही शाप आहे का पाहा,’ असे सांगितले जाते तेव्हा, नोव्हेना चुकली का असे विचारले जाते तेव्हा, तीच उलटतपासणी चालू असते. प्रार्थनेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रार्थनेशिवाय असे घर चालत नाही, हे त्या घरात राहणाऱ्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. विरोध आहे तो तज्ज्ञाकडे जाण्याचा रस्ता अडवून उभ्या राहणाऱ्या प्रार्थनेला.

हा रस्ता अडविणारे दुसरे वाक्य म्हणजे ‘थांबा, बोलेल’. हे सारे आम्ही त्रयस्थपणे लिहीत नाही. आमच्याही घरात असा एक मुलगा आहे. तो अडीच वर्षांचा असताना बालरोगतज्ज्ञांनी आम्हांला हसून विचारले की, याचे वडील कितव्या वर्षी बोलले? मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षांपर्यंत वाट पाहा. आम्ही वाट पाहिली नाही, दुसरीकडे गेलो. पण वाट पाहणारी कितीतरी घरे आम्हांला माहीत आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ सालापासून दीड आणि दोन वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाची ऑटिझमच्या दृष्टीने चाळणी करावी असे सांगितले आहे, ते काही हौसेखातर नव्हे. पहिल्या पाच वर्षांत मेंदू जितका घडतो तितका पुढे घडत नाही, आणि आपल्याकडे नेमकी तीच पाच वर्षे ‘थांबा’ म्हणण्यात जातात. आपल्या देशातही २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या तपासणीची तरतूद आहे. परंतु ती पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जातात. आपली मुले खाजगी इंग्रजी बालवाडीत. म्हणजे गरीब शेजाऱ्याच्या मुलाला जी तपासणी घरबसल्या मिळू शकते तिला आपण फी भरून मुकतो.

तज्ज्ञ गाठला तरी सगळे सुरळीत होते असे नाही. पुष्कळ आईवडिलांना पहिला सल्ला मिळतो तो असा, की घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी बोला. वसईत याचा अर्थ काय होतो? सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आजी त्या दिवसापासून नातवाशी मुकी होते. ज्या मुलाशी बोलणारी माणसे आधीच थोडी, त्याच्यातले सर्वांत चिवटपणे आणि सर्वांत मायेने बोलणारे माणूस आपण गप्प करतो. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते, असे संशोधनातून दिसलेले नाही. तेव्हा आजीला बोलू द्यावे. तसेच उपचारकाची पदवी विचारण्यास लाजू नये. वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. ऑटिझम ‘बरा करून देतो’ म्हणणाऱ्याकडे, मग तो पुड्या देणारा असो वा मूळ पेशींची महागडी इंजेक्शने देणारा असो, पाठ फिरवावी. आपल्या लोकांनी यापायी वाड्या गहाण टाकलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

आता दाखल्याकडे येतो. अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा झाला तेव्हा त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. मुलाला कोणताही लाभ मिळवून द्यावयाचा तर ‘मतिमंद’ म्हणून त्याची नोंद करून घ्यावी लागे. ज्याला पहाटेपासूनच्या सर्व लोकलगाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत त्याच्या आईने तो कागद हातात घेताना काय केले असेल! नाहीतर काहीच न घेता घरी यावे लागे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमला प्रथम स्वतंत्र नाव दिले. त्यामागे पालकांनी वर्षानुवर्षे घातलेले हेलपाटे होते. दिल्लीत मेरी बरुआ या आईने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ साली सुरू केली तेव्हा या नावाचा अर्थ विचारणाऱ्या डॉक्टरांचीच संख्या जास्त होती. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आले, त्यांत स्वमग्नता आली, आणि त्याच वर्षी तिचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत अधिसूचित झाली. चाळीस मुद्द्यांचे एक भारतीय मापन आहे. प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तर गुणांपासून पुढे ऑटिझम धरावयाचा. त्यावरून अपंगत्वाची टक्केवारी ठरते, आणि चाळीस टक्के झाले की बहुतेक हक्कांचे दार उघडते.

लिहिण्यास हे सोपे आहे. प्रत्यक्षात, ज्याला आवाज सोसत नाही त्या मुलाला घेऊन सकाळच्या गर्दीत विरारहून आलेल्या लोकलमध्ये चढावे लागते. दिव्यांगांच्या डब्यात चढावे तर तेथे दाखला दाखवावा लागतो, आणि हे बिचारे तोच आणावयास निघालेले असतात. सरकारी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ एका वारी, मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या वारी. खोलीत मूल घाबरून गप्प बसले तर ‘शांत तर आहे’, आणि किंचाळले तर ‘नीट वळण लावलेले नाही’. लहान मुलांना बहुधा तात्पुरताच दाखला मिळतो, म्हणजे काही वर्षांनी ही वारी पुन्हा. बापाच्या रजा संपतात. ज्याचा रोज बुडतो त्याचे तर विचारूच नये. हरित वसईसाठी आपण रस्त्यावर उतरलो, पाण्यासाठी लाठ्या खाल्ल्या. एवढ्या मोठ्या समाजात, महिन्यातून एकदा अशा चार कुटुंबांना गाडी करून नेणारे आणि कागद भरून देणारे पाच स्वयंसेवक का असू नयेत? विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, महिला मंडळे आहेत, निवृत्त शिक्षक तर प्रत्येक आळीत आहेत.

‘शिक्का बसेल’ ही भीती राहिली. विशेषतः, मोठ्या बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे, तेव्हा घरातली गोष्ट घरात राहू द्या. या भीतीची आम्ही थट्टा करणार नाही. ती खोटी नाही. पण शिक्का दाखल्याने बसतो का? शेजाऱ्यांनी त्या मुलाला ‘वेडा’ हे नाव दाखला निघण्याच्या कितीतरी आधी दिलेले असते. प्रमाणपत्राने त्या जागी खरे नाव येते, एवढाच फरक.

आणि आता शाळा. येथे आम्हांला आपल्याच संस्थांविषयी बोलावयाचे आहे आणि ते कडवट वाटले तर इलाज नाही. आपल्या शाळांतून कोणी ‘प्रवेश देत नाही’ असे म्हणत नाही. म्हणतात, ‘आमच्याकडे सोय नाही, तुमच्या मुलाचेच हाल होतील.’ आम्हांला हेच वाक्य तीन शाळांत ऐकावे लागले, तिन्ही ठिकाणी त्याच गोड आवाजात, आणि तिन्ही ठिकाणी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीमागे लहान मुलांना जवळ बोलाविणाऱ्या प्रभूचे चित्र होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला तेव्हा आपल्या वर्तुळात समाधान व्यक्त झाले. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाचे रक्षण झाले, हे ठीकच. परंतु ते कलम आपल्याला आपल्या मुलांसाठी मिळाले आहे. आपल्याच धर्मग्रामातील एका दुबळ्या मुलाला फाटकाबाहेर ठेवण्याची ढाल म्हणून ते मिळालेले नाही. शिवाय दिव्यांग हक्क कायदा वेगळा आहे. शासनाची मान्यता वा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, ही जबाबदारी त्याच्या सोळाव्या कलमात लिहिलेली आहे. आणि एकतिसावे कलम सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते.

साठ मुलांच्या वर्गातील शिक्षिकेची अडचण आम्ही जाणतो. तिच्यावर एकटीवर हे ओझे टाकणे हाही अन्यायच होईल. पण सोय म्हणजे फार मोठी इमारत नव्हे. दिवसभराच्या तासांची चित्रे क्रमाने लावलेली एक पट्टी, घंटेपासून दूरचा बाक, गलका असह्य झाला तर जाऊन बसावयास एक शांत कोपरा, तोंडी सूचनेबरोबर लिहून दिलेली सूचना, आणि दोन-तीन शाळांनी मिळून नेमलेली एक विशेष शिक्षिका. दहावीच्या परीक्षेत ज्यादा वेळ, लेखनिक अशा सवलती मंडळ देते. त्या शाळेमार्फतच मागाव्या लागतात. शंभर वर्षांपूर्वी जेथे मुलींना कोणी शिकवीत नव्हते तेथे आपल्या सिस्टरांनी शाळा काढल्या, तेव्हाही सोय नव्हती.

चर्चविषयी थोडेसे. आमच्या ऐकण्यात वारंवार येते की, ‘हे तर देवदूत, यांना कशाला प्रथम ख्रिस्तप्रसाद?’ बोलणे गोड आहे, आणि त्याने मूल वेदीपासून दूर राहते. ख्रिस्तसभेचा कायदा असे म्हणत नाही. कॅनन कायद्याच्या ७७७ व्या कलमात, मनाने वा शरीराने अपंग असलेल्यांना त्यांच्या कुवतीनुसार धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंवर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. धर्मशिक्षणाविषयीच्या २०२० च्या रोममधील मार्गदर्शिकेत अपंगांना संस्कार नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही असे सांगितले आहे. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑटिझमवरील परिषदेला आलेल्या पालकांना आणि तज्ज्ञांना भेटून, या कुटुंबांचे एकाकीपण आणि त्यांच्यावरचा कलंक दूर करण्याचे आवाहन केले. ते कुपारपट्टीच्या पलीकडे कोठेतरी राहून गेले असावे. करावयाचे ते अवघड नाही. होस्तीचा स्पर्श जिभेला नवा असल्याने मूल ती थुंकेल ही भीती असते, तर अर्पण न केलेल्या होस्तीने घरी आधी काही महिने सवय करावी. तरीही ती गिळता येत नसेल तर गरजेच्या प्रसंगी केवळ द्राक्षरसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा ९२५ व्या कलमात आहे. महिन्यातून एक मिस्सा लाउडस्पीकर मंद ठेवून करावा. आणि सणाच्या दिवशी फटाके आणि ब्रास बँड केव्हा वाजणार याची वेळ आधी जाहीर करावी, म्हणजे आईला मुलाला त्या वेळेपुरते बाहेर नेता येईल.

फादरांकडे आमची एक मागणी आहे. घरांना आशीर्वाद देण्यासाठी आपण दरवर्षी दारोदार जाता, कुटुंबाची नोंदवही जवळ असते. तीत एक रकाना वाढवावा, आणि आतल्या खोलीत कोण आहे ते विचारावे. पुष्कळ घरांत त्या वेळी एक दार लोटून घेतलेले असते.

हे सारे ऐकूनही कोणी म्हणेल की, दाखल्याने असे काय मोठे मिळते? राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, त्यात उपचारांचाही खर्च येतो. पण आमच्यासारख्यांना रात्री जाग येते ती त्या लाखासाठी नव्हे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान होतो. त्याच्या वतीने बँकेत सही करण्याचा, शस्त्रक्रियेला संमती देण्याचा, आजोबांनी त्याच्या नावे ठेवलेल्या वाडीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार आईवडिलांनाही आपोआप राहत नाही. आणि आईवडील गेल्यावर ती वाडी कोणाच्या नजरेत भरते, हे वसईकरांना सांगावयास नको. १९९९ च्या कायद्याने यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा समावेश असलेली स्थानिक समिती आहे. तिच्याकडे अर्ज करून मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आपल्या हयातीतच आणि आपल्या विश्वासाचा. आपला जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, तेव्हा अर्ज घेऊन आता ठाण्याला जावयाचे नाही, पालघरला जावयाचे. अर्जासोबत जे कागद जोडावे लागतात त्यांत हा दाखला लागतोच.